डावा कोपरा

सावळाराम आण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. वीस वर्षं त्यांनी लोणीच्या कबड्डी संघाचा डावा कोपरा सांभाळला. चढाईला आलेल्यांचे घोटे धरता धरता बोटं मोडली आणि जशी बसली तशीच राहिली. खेळणं सुटल्यावर संघ निवडायचं काम त्यांच्याकडे आलं. तीन वर्षांपूर्वी शुगरने डोळे गेले, तरी काम गेलं नाही. मैदान उसाला लागून. डाव्या कोपऱ्यापाशी, रेषेबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकायची, काठी मांडीवर आडवी घ्यायची आणि ऐकायचं. कोण टाचेवर पडतो, कोणाचा दम कुठे तुटतो, धरलेला पाय कोणाच्या हातातून निसटतो, हे सगळं आण्णांना आवाजावरून कळायचं.

यंदा मात्र संघाचे मॅनेजर रामदास आडपडदा न ठेवता बोलले होते.

"आण्णा, मागल्या साली तुमी दिलेला कोपरा पयल्याच सामन्यात फुटला. औंदा चुकलं तर पोरं म्हणतील, आंधळ्याच्या हाती संघ दिला. मग मला तुमची बाजू घेता येणार न्हाई, राव."

जागा एकच होती आणि दावेदार दोन, दोघंही ताडमाड. समर्थ लोणीचाच, सहा फूट उंच. ऋतिक मेंढपाळ जानकूचा मुलगा, त्याच्याहून बोटभर जास्त. उंच माणसाला कोपऱ्यात वाकून राहावं लागतं, कंबर भरून येते. पण त्याचा हात जिथे पोचतो तिथे दुसऱ्याचा पोचत नाही.

आण्णांनी नियम घातला. सोमवार ते शुक्रवार, रोज संध्याकाळी दोन डाव. पहिल्या डावात डावा कोपरा समर्थचा, दुसऱ्यात ऋतिकचा. मैदानात कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही, नंतरही आण्णांपाशी कोणाबद्दल बोलायचं नाही.

"मला कुणी भरवायचं न्हाई," ते म्हणाले. "मी माझ्या कानानं निवडीन."

सोमवारी समर्थची टाच धप्पधप्प वाजत होती. "अरं, गावाला सांगत चाललाय का, मी हितं हाय म्हणून?" आण्णा ओरडले. पोरं हसली. दुसऱ्या डावात ऋतिकच्या पायांची सारखी चुळबुळ. "ए पावणं, पाय नाचवू नको. दगडावानी ऱ्हा!"

मंगळवारी दुसरा डाव सुरू झाला आणि आण्णा चकित झाले. डाव्या कोपऱ्यातून पायाचा आवाज येईना. टाच नाही, बोट नाही, मातीची खसखससुद्धा नाही. फक्त श्वास, संथ, खोल आणि किंचित खरखरीत. मैदानाच्या एका अंगाला सहा जणांची पळापळ, या अंगाला हा एकच श्वास. एका दिवसात पोराने शब्द उचलला म्हणायचा!

आणखी एक गोष्ट त्यांच्या कानाने टिपली. पहिल्या डावात चढाई दोन्हीकडे व्हायची. दुसऱ्या डावात एकही जण डाव्या कोपऱ्याकडे फिरकत नव्हता. 'कबड्डी, कबड्डी' करत गडी यायचा, मधल्या रेषेपासून दोन पावलं टाकायचा आणि उजवीकडे वळायचा. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. पकड न करताच ज्याचा धाक बसतो, असा कोपरा आण्णांनी उभ्या हयातीत ऐकला नव्हता.

बिस्किटांसाठी खुर्चीभोवती घुटमळणारी गावची दोन कुत्री मंगळवारपासून आली नव्हती. पुडा खिशात तसाच राहत होता. आण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"समर्थ भला हाय," बुधवारी रात्री जेवताना ते बायकोला, साळुबाईंना, म्हणाले, "पण त्या पोराला देवानं कोपऱ्यासाठीच घडवलाय."

साळुबाई त्यांचा सदरा हातात घेऊन उभ्या होत्या. "ह्याला वास कसला येतोय?"

"मेंढरांचा. पोरगं रानात कळपातच झोपतंय."

साळुबाईंनी सदरा पुन्हा नाकाशी नेला. "मेंढरं आमच्या माहेरच्या रानात दर साली बसायची. त्यांचा वास मला म्हाईत हाय. ह्यो त्यो न्हाई."

"बायकांचं नाक!" आण्णा हसले आणि भाकरी मोडू लागले.

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, दुसरा डाव निम्म्यावर आला होता. उसाकडून गार हवा सुटली होती. आण्णांचं मन ठरलं होतं. एकच खोड काढायची राहिली होती, म्हणून त्यांनी स्वतःचाच नियम मोडला.

"ऋतिक, श्वास दाब. चढाईवाल्याला ऐकू जाईल."

'कबड्डी, कबड्डी' मध्येच तुटलं. पळणारे पाय जागच्या जागी थांबले.

"आण्णा," चढाईला आलेल्या आदेशचा आवाज चिरकला. "ऋतिक सोमवारनंतर आलाच न्हाई. त्याचा बाप तापानं पडलाय, त्यो बोरीला मेंढरांमागं हाय."

"मग कोपऱ्यात कोण हाय?"

"कुणी न्हाई. मंगळवारपास्नं दुसऱ्या डावात ह्या बाजूला सहाच गडी असत्यात. तुमीच म्हणला व्हता, नाव काढायचं न्हाई."

श्वास चालू होता. आण्णांना आता समजलं की तो कोपऱ्यातून येतच नव्हता. तो त्यांच्या खुर्चीच्या मागून येत होता.

मग तो थांबला. दूर कुठे गेला नाही, नुसता थांबला. कान देणाऱ्याने श्वास रोखावा तसा.

धप्प, धप्प, धप्प. मैदान आडवं कापत समर्थची टाच खुर्चीपाशी आली, आणि त्याने आण्णांना खुर्चीसकट उचलून मैदानाच्या मध्यात नेलं. मागे उसाची पाती एकदाच सळसळली.

मोबाइलच्या उजेडात पोरांनी जागा पाहिली. खुर्चीपासून चार हातांवर गवत दबून गेलं होतं. ठसे पंजाचे होते, आणि ते एका दिवसाचे नव्हते.

"बिबट्याच. पण कोपरा मोकळा व्हता, आण्णा," आदेश म्हणाला. "बोनसचे फुकटचे गुण. तरी पाय तिकडं वळत नव्हता. का, ते इचारू नका. आमाला दिसलं कायबी न्हाई."

रामदासांनी आण्णांना बाजूला घेतलं. "झालं ते झालं. बोभाटा नको. उद्या दुपारी आळेफाट्याला स्पर्धेसाठी नावं द्यायचीत. तुमचं मन ऋतिकवरच व्हतं ना? देऊन टाकू. त्यात तुमचंबी झाकून जाईल."

आण्णांची मोडकी बोटं काठीवरून फिरत होती.

"रामदास, चार दिवस मी ज्याला निवडत व्हतो, त्याचं नाव ऋतिक न्हाई."

शनिवारी सकाळी त्यांनी ऋतिकला बोरीहून बोलावून घेतलं. शाळेच्या पटांगणात, लख्ख उन्हात, सगळ्या पोरांदेखत आण्णा म्हणाले, "मी चुकलो. ज्याला ऐकलं त्यो तुमच्यातला नव्हता. आज पयल्यापास्नं ऐकतो." कोणी हसलं नाही.

ऋतिकचे हात लोखंडी होते, पण पाय अजून नाचत होते. घाईने झेपावला आणि दोनदा बाद झाला. समर्थची टाच वाजली, पण तो थांबला. गड्याचा दम संपत आला तेव्हाच हात टाकला, आणि घोटा सुटला नाही.

"डावा कोपरा समर्थ," आण्णा म्हणाले.

"पुढल्या साली माझा हाय, आण्णा," ऋतिक म्हणाला.

"पाय बांधून ये."

रामदासांनी नाव कागदावर लिहिलं. "आन् पुढल्या साली खुर्ची शाळेत टाकायची," एवढंच ते बोलले. आण्णांना तेवढं पुरेसं होतं.

मैदानाशेजारी वनखात्याने पिंजरा लावला. आत बांधलेली शेळी अधूनमधून ओरडायची. दिवस कलताना समर्थ आण्णांना घरी सोडायला निघाला. वाट उसाच्या कडेनेच होती. पोरगं आपली खोड मोडायला बघत होतं. पाय हलके टाकत होतं.

पिंजऱ्यातली शेळी एकाएकी गप्प झाली.

आण्णा थांबले. "समर्थ, कुठं हायस?"

"हितंच. तुमच्या उजव्या हाताला."

आण्णांनी डावा कान उसाकडे केला. तिकडे काहीच वाजत नव्हतं. माती नाही, पान नाही. ती शांतता त्यांच्या चांगली ओळखीची होती.

त्यांनी समर्थचं मनगट मोडक्या बोटांनी घट्ट धरलं.

"टाच आपट, पोरा. घर येईस्तोवर आपट."