आईच्या उपवासातलं मिठाचं पाणी

नवरात्रात आमची आई उपवास धरते, तोही अळणी. भगरीतसुद्धा मिठाचा कण नाही. एरवी मी तिला चिडवते, की देवीला तरी असलं बेचव आवडतं का, एकदा विचारून बघ. गेल्या नवरात्रात मध्येच तिला जुलाब सुरू झाले आणि माझी चेष्टा बंद पडली.

सकाळपासून ती अंथरूण ते संडास एवढंच करत होती. चहा चालतो म्हणून चहा मागायची. मी जेलरोडवरून शहाळी आणली, तर दोन घोट घेऊन तिनं पेला बाजूला सारला. दुपारपर्यंत जीभ कोरडीठाक, आणि लघवी एकदाही नाही. घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "चहा बंद करा. ओआरएस द्या, चमच्या-चमच्यानं. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर ॲडमिट करावं लागेल."

पुडी लिटरभर पाण्यात विरघळवून आणली. पहिला चमचा जिभेला लागताच आईनं तोंड मिटलं.

"यात मीठ आहे."

"औषध आहे ते, आई."

"औषधात असलं तरी मीठच. घट उठेपर्यंत नाही."

मी चिडले, हातापाया पडले, देवीलाही चार शब्द सुनावले. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. तेव्हा आठवलं, मावशी आजारी पडली त्या वर्षी तिचा उपवास आईनंच पुढे चालवला होता.

"उरलेला उपवास मी धरते," मी म्हणाले.

ती वळली. "अळणी?"

"अळणी."

"तुला तर ताटात वरून मीठ लागतं गं."

"ते माझं मी बघते."

तशा अवस्थेत उठून तिनं मला घटासमोर बसवलं, पळीभर पाणी सोडायला लावलं आणि मगच तोंड उघडलं.

मी चमच्यामागून चमचा भरवत राहिले. ऊन उतरलं तरी काहीच नाही. मी दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली, रिक्षावाल्याला फोन करून थांबायला सांगितलं. तेवढ्यात आई भिंतीला धरून उठली आणि आत गेली. मी लाजलज्जा सोडून संडासाच्या दाराला कान लावून उभी राहिले.

"झाली गं," आतून आई म्हणाली.

मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले.