भिंतीवरून दिसलेली बोट

बाबांनी अकोल्याच्या बस डेपोत उभी हयात इंजिनं उघडली आणि मी नौदलाच्या एका विनाशिकेवर क्षेपणास्त्रांच्या नळ्या सांभाळल्या. दोघांच्याही नखांत ग्रीस. तरी माझं काम काय, हे मी त्यांना कधी धड सांगितलं नाही. सुट्टीत घरी आलो की चहा पिता पिता ते विचारायचे, "तुई बोट कितीक लांब मारते रे?"

"बोट नाही बाबा, जहाज. अन् थे सांगता येत नाही."

"पेपरात तं छापून आलं हाय."

"मंग पेपरातच वाचा."

छापून आलेलंही सांगायचं नाही, असला माझा तोरा. आज तो आठवला की माझाच मला राग येतो. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिचं क्षेपणास्त्र अकोल्यातून सुटलं असतं तर अमरावती, चांदूर रेल्वे मागे टाकून कितीतरी पुढे गेलं असतं. विमानं पाडायला वेगळी क्षेपणास्त्रं, पाणबुडी हुडकायला सोनार नावाचं यंत्र आणि हेलिकॉप्टर. एवढं सगळं अंगावर घेऊन ती समुद्र तुडवत राहिली, पण लढाईत एकदाही तिनं काही सोडलं नाही. व्यापारी जहाजं चाच्यांपासून राखली, वादळानंतर बेटांवर पाणी पोचवलं, परक्या बंदरात अडकलेली आपली माणसं डेकवर झोपवून परत आणली. मी वर्षानुवर्षं नळ्यांत ओल तर शिरली नाही ना, एवढंच तपासत होतो. बाबांना हे लगेच कळलं असतं. डेपोतली राखीव गाडी तेही रोज सकाळी नुसती चालू करून बघायचे.

त्यांना एकच हवं होतं, एकदा तिच्यावर पाय ठेवायचा. घरच्या माणसांना जहाजावरून समुद्रात फिरवून आणायचा एक दिवस असतो. तीनदा मी "पुढच्या वर्षी" म्हणालो. मग जहाज सेवेतून काढायचा हुकूम आला.

शेवटच्या समारंभाला कोण येणार, त्यांची नावं महिनाभर आधी द्यायची होती. मला तीन जागा होत्या. बायको आणि मुलगी, या दोन भरल्या. बाबांची साखर वाढलेली, पाय सुजलेले, जहाजावरच्या त्या उभ्या शिड्या त्यांना झेपणार नाहीत, असं मीच ठरवून टाकलं. विचारलं नाही. तिसरी जागा अमरावतीच्या मेहुण्याला दिली. बाबांना समारंभाची तारीख तेवढी फोनवर सांगितली.

त्या दिवशी संध्याकाळी बिगुल वाजला, सूर्य बुडताना झेंडा उतरला. मी रडलो, सगळेच रडले. मोबाइल सकाळीच जमा केलेले होते. बाहेर आलो तर गोदीच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीच्या बाकावर, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात बाबा बसलेले. रात्रभर गाडीत बसून एकटेच आले होते. दुपारपासून तिथेच होते. पहारेकऱ्यानं यादी दोनदा पाहिली म्हणे. नाव नव्हतं.

मी रस्ता ओलांडून गेलो. त्यांनीच विचारलं, "झेंडा उतरला ना? बिगुल आयकला मी."

"बाबा, तुमचं नाव..."

"जौ दे. चाल, भूक लागली असन तुले."

निवृत्त होणाऱ्या जहाजाच्या डोलकाठीवरून त्या दिवशी एक अरुंद, लांबच लांब पताका सोडतात. गोदीच्या उंच भिंतीवरून बाबांना तेवढीच दिसली होती.

अकोल्याला परतल्यावर शेजारी विचारायला आले. मी खाली मान घालून बसलो होतो. बाबा खुर्चीत सरसावून म्हणाले, "पाह्यली ना. लय मोठी हाय. वर चढलो, पोरानं समदं फिरून दाखोलं. इंजिनं पाह्यली. अन् झेंड्याची पट्टी तं इतकी लंबी, की संपता संपत नाही." पट्टी सांगताना त्यांनी दोन्ही हात पसरले. तेवढं एकच खरं होतं. शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो.

पुढे दोन वर्षं ते हीच गोष्ट सांगत राहिले, दवाखान्यातल्या नर्सलाही. कितीदा तरी मी शेजारीच बसलेला असायचो. एकदा तरी त्यांची माफी मागायची होती. पण मागितली असती तर त्यांनी माझ्यासाठी रचलेलं सगळं कोसळलं असतं, म्हणून मी गप्प राहिलो. की मला तेच सोयीचं होतं, कोण जाणे.

बाबांच्या तेरवीला डेपोतले त्यांचे जुने सोबती आले. त्यांच्यातल्या एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "बापाले बोट दाखवली तू. नाहीतं आजकाल कोन करते?"

पंगतीत सगळे ऐकत होते. मी पुन्हा हो म्हणालो आणि वाढायला उठलो.