डोळे शेवटी

मंगळवार पेठेतल्या अक्काताईंच्या हातची दुपटी गल्लीतल्या निम्म्या पोरांनी ओली केली असतील. पण त्यांचं नाव झालं ते कापडी प्राण्यांमुळे. कुणाचं बाळ पाऊल टाकायला लागलं, की अक्काताईंचा एखादा हत्ती नाहीतर ससा त्या घरी पोचायचाच. आता गुडघे कुरकुरत होते, सुईत दोरा ओवायला दोन-चारदा प्रयत्न करावे लागत, तरी शिवणाचा डबा हाताशी असायचा.

या खेपेचं वासरू मात्र घरच्यासाठी होतं. त्यांचा मुलगा, अनेकांत, नोकरीसाठी आधीच बंगळूरला गेला होता. आता सून दीपा आणि पाच वर्षांची नात आदितीही निघाल्या होत्या, बिऱ्हाड घेऊन. दुपारी गाडी येणार होती.

दीपानं कालच विचारलं होतं, "आई, आदिती ते झोपताना गालाशी घेणार. आत सुई-बिई राहणार नाही ना?"

अक्काताईंना ते लागलं. "जलमभर शिवत आलीया मी, दीपा. एकदा तरी राहिलीया का?"

दीपा पुन्हा सामान बांधायला लागली. पण तिचा प्रश्न अक्काताईंच्या मनात कुसळासारखा रुतून बसला.

सकाळी दीपा आणि आदिती देवळात दर्शनाला गेल्या, तेव्हा अक्काताई वासराचे डोळे शिवत होत्या. बाकी सगळं झालं होतं. फेल्टचं तपकिरी कापड त्यांना फार आवडलं होतं. जाड, मऊ, कापलं तरी कडेचे दोरे सुटत नाहीत. अव्वाला असलं कापड मिळालं असतं तर तिचं निम्मं काम वाचलं असतं, असं त्यांना दरवेळी वाटायचं.

अव्वा म्हणजे त्यांची आई. गडहिंग्लजच्या घरात दुपारच्या भाकऱ्या झाल्या की ती पुढच्या सोप्यात शिवायला बसायची. बाहेर बाजाराला आलेल्या गाड्या सुटलेल्या असायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या. छोटी अक्का तिच्या मांडीला टेकून दोरा ओवून द्यायची. जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यांतून वासरू उभं राहायचं. कान, पाय, शेपूट, सगळं झालं की सगळ्यात शेवटी डोळे.

"आधी का न्हाय गं अव्वा?"

"सुई दिसली तर भितंय की ते."

घर जैनांचं. संक्रांतीला शेजारणीकडून साखरेचे हत्ती-घोडे यायचे, पण अव्वा ते कुणाला मोडून खाऊ द्यायची नाही. साखरेचा असला तरी हत्ती तो हत्ती. ते कोनाड्यात उभे राहायचे आणि मुंग्या येऊन हळूहळू संपवायच्या. अक्का आणि तिचा थोरला भाऊ पारिसा त्या मुंग्यांकडे बघत आवंढे गिळायचे.

त्या पारिसानंच एकदा वडिलांच्या दाढीच्या पात्यानं वासराचं पोट फाडलं, आत काय आहे ते बघायला. अव्वा ओरडली नाही. वासरू त्याच्याच हातात देऊन म्हणाली, "धर. आन त्येचं डोळं झाक." मग लाल दोऱ्यानं शिवत बसली. वासराचे डोळे झाकून बसलेला पारिसा स्वतःच मुसमुसायला लागला. ती लाल शिवण वासराच्या पोटावर शेवटपर्यंत राहिली. आज ना अव्वा आहे, ना पारिसा. शिवण मात्र अक्काताईंना डोळे मिटले की दिसायची.

त्यांनी दुसऱ्या डोळ्याची गाठ मारली. बारीक सुई डब्यात ठेवली, आणि हात थांबला. अंग शिवायची जाड सुई डब्यात नव्हती.

चटई झटकली. पदर झटकला. उशी उचलून बघितली. मग आठवलं. कापूस भरताना दोरा कापायला कात्री घेतली, तेव्हा सुई कापसाच्या बोळ्यात टोचून ठेवली होती. आणि तो बोळा पोटात गेला होता; पोट मग हाताला लागलेल्या बारीक सुईनंच शिवलं होतं.

"अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली. "इकडं या जरा."

जयपाल पेपर खाली ठेवून आले. उद्यमनगरात विजेच्या मोटारी रिवाइंड करण्यात त्यांची हयात गेली होती. ऐकून घेतल्यावर ते माळ्यावरून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन आले. वासराच्या पोटावरून फिरवलं. वासरू टुणकन उचललं गेलं आणि चुंबकाला लोंबकळायला लागलं.

"हाय," जयपाल म्हणाले. "काल सुनेला लई सुनावत हुतीस."

"चेष्टा पुरं."

"पोट उसव आन काढ. त्यात काय?"

"डोळं झाल्यात त्येचं."

जयपालांनी वासराकडे बघितलं, मग बायकोकडे. "अगं, दोरा उसवायचा हाय. कापायचं न्हाय काय."

"ते त्येला कुठं कळतंय?"

क्षणभर अक्काताईंना वाटलं, वासरू झालंच नाही म्हणून सांगावं. मागाहून पाठवू. दीपाला काही कळणारही नाही. पण आदिती गेले आठ दिवस या वासराची वाट बघत होती. त्याची जागासुद्धा तिनं पिशवीत करून ठेवली होती.

"धरा," त्या म्हणाल्या. "आन डोळं झाका त्येचं."

"मी?"

"मग काय शेजाऱ्याला बोलवू?"

जयपालांनी मुकाट्यानं आपला जाड, तांब्याच्या तारांनी चरे पडलेला अंगठा वासराच्या डोळ्यांवर ठेवला. अक्काताई एकेक टाका उसवायला लागल्या. कापूस बाहेर आला. त्याच्याबरोबर अव्वाच्या लुगड्याची चिंधीही आली, अक्काताईंनीच आठवण म्हणून आत घातलेली. आणि चिंधीच्या मागे सुई.

तेवढ्यात दार वाजलं. दीपा आणि आदिती आत आल्या.

"आज्जा, तुम्ही वासराचे डोळे का झाकलेत?"

"आप्रेशन चाललंय. बघितलं तर भितंय ते."

दीपाची नजर सुईवर गेली होती. अक्काताईंनी ती लपवली नाही.

"राहिली हुती, दीपा. तू म्हणत हुतीस तेच झालं."

 दीपा चप्पल काढून शेजारी बसली. "गाडीला वेळ आहे, आई. नीट शिवा. मी दोरा ओवून देते."

तिनं डब्यातून हाताला आला तो दोरा ओवला. लाल होता. अक्काताईंनी तो बघितला, आणि बदलून मागितला नाही.

आदितीनं आज्ज्याचा अंगठा बाजूला केला आणि आपला तळवा वासराच्या डोळ्यांवर ठेवला. शिवण पुरी होईपर्यंत तिनं तो हलवला नाही. शेवटी जयपालांनी चुंबक पुन्हा फिरवलं. या खेपेला वासरू जागचं हललं नाही.

दुपारी गाडी गल्लीत लागली. सामान चढलं. आदिती खिडकीशी बसली, वासरू मांडीवर, आणि त्याच्या डोळ्यांवर हात.

"आता कशाला झाकतीस गं? झालं की शिवून," अक्काताई म्हणाल्या.

"तू मागं राहताना बघितलं तर रडेल ते."

गाडी सुरू झाली. अक्काताई हात हलवत राहिल्या. गाडी कोपऱ्यावरून वळताना आदितीचा हात तिथंच होता.