वऱ्हाडाच्या वाटेत आमचं घर

बेंगळुरातल्या बसवनगुडीत निवृत्त झालेली माणसं सकाळी बागेत फेऱ्या मारतात आणि संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसून गुडघ्यांविषयी बोलतात. आम्ही व्हॅन घेतली. ह्यांची सगळी नोकरी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात, यंत्रांच्या खडखडाटात गेली. अशा माणसाला गप्प बसवत नाही हे मला माहीत होतं, पण प्रकरण इथवर जाईल असं वाटलं नव्हतं. तिथल्याच एका शेडमध्ये, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या जुन्या व्हॅनच्या पोटात ह्यांनी घर बसवून घेतलं. मागं पलंग, पलंगाखाली कपडे आणि डबे, दाराशी बाहेर सरकणारी शेगडी, टपावर पाण्याची टाकी आणि मागच्या दाराला अंघोळीची नळी.

बसवनगुडीचं घर मुलाला आणि सुनेला दिलं. आम्ही बहुतेक गाडीतच राहतो. डोंगरात नसलो की आनेकलच्या पुढं ह्यांच्या मित्राच्या शेतात चिंचेखाली मुक्काम असतो. सून फोन करते तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, "अत्ते, आज घर कुठंय?"

मला स्वतःला डांबरी रस्ता आवडतो. ह्यांना जिथं डांबर संपतं तिथून पुढं जायचं असतं. सकलेशपूरच्या अलीकडे-पलीकडे, कॉफीच्या मळ्यांमधून डोंगरमाथ्यावर जाणाऱ्या जीपच्या वाटा आहेत. दगड, चिखल आणि पाण्यानं कापलेल्या चरी. तिथं माझं काम पुढं चालायचं, वाट बघायची आणि हातानं दाखवायचं. सुरुवातीला मी ओरडून सांगायची.

"डावीकडं घ्या!"

"तुझ्या डाव्या का माझ्या डाव्या?" हे काचेतून विचारायचे.

मी ह्यांच्याकडं तोंड करून उभी असायची, त्यामुळे प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. पण तोवर गाडी कुठल्यातरी डावीकडं गेलेली असायची. शेवटी आम्ही खुणा ठरवल्या. माझं माहेर कितीतरी पिढ्या बेंगळुरातलं, आमच्या मराठीत निम्मं कन्नड. हे निपाणीचे. लग्नानंतर वर्षभर आम्ही एकमेकांच्या बोलण्याला हसलो होतो. हातवाऱ्यांची भाषा मात्र दोघांची एकच झाली.

तर त्या दिवसाची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. डोंगरमाथ्यावर एक जुनं देऊळ आहे आणि देवळापर्यंत जीप जाते, असं ह्यांना चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी अवकाळी सर येऊन गेलेली. लाल माती लोण्यासारखी झाली होती. मी चालत पाहून आले आणि म्हटलं, "आज नको. स्वल्प वाळू दे."

"बघूया की," हे म्हणाले. निपाणीकडं ह्याचा अर्थ 'जाणारच' असा होतो.

अर्धी चढण बरी गेली. एका वळणावर मागचं चाक सरकलं आणि वाटेच्या कडेच्या चरीत अलगद जाऊन बसलं. ह्यांनी जोर दिला तसं चाक आणखी खोल गेलं. आता व्हॅन वाटेत आडवी, एका अंगावर कललेली. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला कॉफीची झाडं. आतून डबे गडगडल्याचा आवाज आला. सांबाराच्या पुडीचा वास सुटला तेव्हा कुठला डबा उघडला तेही कळलं.

आम्ही चाकाखाली दगड भरत होतो, तेवढ्यात खालून हॉर्न ऐकू आले. एक जीप, तिच्यामागं दुसरी, मग आणखी. पहिलीला झेंडूच्या माळा होत्या. जीपमधून पांढरा रेशमी पंचा, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेले, पिकल्या मिशांचे एक गृहस्थ उतरले. त्यांनी आमच्या व्हॅनकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, मग आभाळाकडं.

"वर देवळात माझ्या मुलीचं लग्न आहे," ते कन्नडमध्ये म्हणाले. "मुहूर्त जवळ आलाय."

एका मुलीच्या लग्नाच्या वाटेत आपण आपलं घर आडवं टाकलंय, आणि दुसरी वाट नाही. ह्यांनी हात जोडले. मागच्या जीपमधून नवरीची आत्या ओरडू लागली, "कोण हे? ह्या वाटेवर बस कशाला आणली?" बस नाही, घर आहे, असं सांगावंसं वाटलं, पण ती वेळ नव्हती.

भुरभुर पाऊस सुरू झाला. जीप उघड्या, आणि आत्याच्या शेजारी नवरी नेमकी कडेला बसलेली. मी आमची मोठी छत्री काढली आणि तिच्यावर धरून उभी राहिले. तेवढंच मला सुचलं.

"आंटी, तुम्ही बेंगळूरचे का?" तिनं गाडीचा नंबर वाचून विचारलं. तीही बेंगळुरातच नोकरी करत होती. खोली भाड्यानं घेऊन राहायची. कललेल्या व्हॅनच्या उघड्या दारातून तिनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या खोलीपेक्षा हे मोठं आहे. आणि खिडकीही आहे!"

मग हळूच, आत्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "खायला काही आहे का? पहाटेपासून सगळे मला फक्त नटवतायत."

सकाळची थालीपीठं डब्यात होती. पदर मागं सारून, मेंदीचे हात पुढं काढून तिनं जीपमध्येच खाल्लं. आत्या बघत होती. थोड्या वेळानं आत्यानंही एक घेतलं.

तोवर पुरुषांनी काम हाती घेतलं होतं. पंचे गुडघ्याच्या वर खोचले. पहिली जीप रिकामी करून व्हॅनच्या बाजूनं कशीबशी कॉफीच्या झाडांत शिरवून पुढं काढली आणि दोर बांधला. हे स्टिअरिंगवर, जीप पुढून ओढणार, बाकीचे मागून रेटणार. नवरीचे वडीलही रेटायला उभे राहिले. सगळ्यांनी अडवलं. "माझ्या मुलीचं लग्न आहे, मीच ढकलणार," म्हणाले, आणि नेमके त्या रुतलेल्या चाकामागं जाऊन उभे राहिले.

मी पुढं जाऊन हात वर केला. खाली आणला. जीप गुरगुरली, दोर ताणला, व्हॅन थरथरली आणि एकदम सुटून वर आली. त्याबरोबर चाकानं चरीतला सगळा लाल चिखल उचलला आणि वधूपित्याच्या अंगावर फेकला. मिशीपासून पंच्यापर्यंत काही म्हणता काही पांढरं उरलं नाही.

हे खिडकीतून डोकं बाहेर काढून तसेच राहिले. मला वाटलं, आता हा माणूस आम्हाला दरीत ढकलणार, आणि त्याचं चूक नाही.

आणि नवरी हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग जीपचा दांडा धरून. वडील तिच्याकडं बघत राहिले, आणि त्या चिखलातून त्यांचे दात दिसले. मग अख्खं वऱ्हाड हसायला लागलं. आत्या तर चिखलात उकिडवी बसली.

हसणं ओसरलं तसा प्रश्न उभा राहिला. कन्यादान करायचं काय नेसून? बाकीच्यांचे पंचेही माखलेले, दुसरे कपडे वर देवळात आणि भटजी फोनवर घाई करतायत.

"आमच्याकडं पाणी आहे," मी म्हटलं. ह्यांनी मागचं दार उघडून अंघोळीची नळी काढली. थंडगार पाणी. ते गृहस्थ 'अय्यो, अय्यो' करत त्याखाली उभे राहिले आणि हे त्यांच्या पाठीवर नळी धरून, गाडी धुतात तसे त्यांना धुवत राहिले. उपरणं जीपमध्ये होतं म्हणून वाचलं होतं. पंचा मात्र गेला.

मी ह्यांचे कपडे उपसले. खिशांच्या विजारी, टी-शर्ट, एक चौकड्यांची लुंगी. लुंगी मी स्वतःच परत ठेवली. मग पलंगाखालची इस्त्रीची चादर दिसली. पांढरीशुभ्र, डबल बेडची, काठाला बारीक सोनेरी पट्टी. सुनेनं दिली होती आणि गाडीत मळेल म्हणून मी कधी अंथरली नव्हती.

"ही नेसवता येईल?" मी विचारलं.

आत्यानं चादर हातात घेतली, लांबी-रुंदी पाहिली, काठ पाहिला. "सरी," म्हणजे चालेल, ती म्हणाली आणि भावाला व्हॅनमागं घेऊन गेली. ते बाहेर आले तेव्हा चुण्या अशा पडल्या होत्या की माहीत नसणाऱ्याला कळलं नसतं. आमची चादर एवढी रुबाबदार आहे हे मलाही माहीत नव्हतं.

पाऊस थांबेना, तेव्हा नवरीनंच ठरवलं. "मी ह्या घरातून जाते," म्हणाली आणि आमच्या पलंगावर जाऊन बसली. आत्या आणि दोन करवल्या तिच्याबरोबर. वधूपिता पुढं ह्यांच्या शेजारी. मी चप्पल काढली, साडी खोचली आणि व्हॅनपुढं चालू लागले. उरलेली चढण मी आयुष्यात कधी पाहिली नसेल एवढ्या बारकाईनं पाहिली. एकेक दगड. हात डावीकडं, हात उजवीकडं, थांबा, या. ह्यांनी एकदाही 'बघूया की' म्हटलं नाही. आतून करवल्या मोजून हसत होत्या, प्रत्येक हिसक्याला एकदा.

माथ्यावर नादस्वर वाजायला लागलं. धुकं होतं. धुक्यातून आधी मी निघाले, गुडघ्यापर्यंत लाल, मागून आमचं घर. व्हॅनचं सरकतं दार उघडलं आणि नवरी उतरली, कोरडी, झळझळीत. नवऱ्याकडची मंडळी बघतच राहिली.

मुहूर्त साधला. कन्यादानाच्या वेळी पाण्याची धार सोडताना वडील रडले आणि मीही रडले. त्या मुलीला सकाळी थालीपीठ दिलं, एवढीच आमची ओळख. शेजारी उभ्या असलेल्या नवरदेवाच्या काकूनं मला कोपरानं ढोसलं आणि कुजबुजली, "त्यांचं धोतर काय सुंदर आहे. कुठून घेतलं असेल?"

"बसवनगुडीतून," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

केळीच्या पानावर जेवण झालं. ह्यांना दोनदा पायसम वाढलं, एकदा वधूपित्यानं आणि एकदा आत्यानं. चादर परत करण्याचा विषय निघाला तेव्हा तिच्यावर हळद, कुंकू आणि तुपाचे डाग पडले होते. "राहू दे, अण्णा," मी म्हटलं, "आता ती तुमचीच."

"मग तुमचं घर आज आमच्या अंगणात," ते म्हणाले.

आठवडाभर त्यांच्या मळ्यात राहिलो. एका सकाळी ते स्वतः जीप घेऊन पुढं निघाले आणि मळ्यामागच्या गवताळ कड्यावर जाणारी वाट त्यांनी आम्हाला दाखवली. खाली दरीत ढग साचले होते. मी शेगडी बाहेर ओढली आणि तिघांची कॉफी टाकली.