दसऱ्याची बंडी आणि माझी उडी

आमच्या घरात एकाच वेळी दोन लढवय्ये होते. थोरला दादा ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आला होता, आणि मी अमरावतीच्या टॉकीजमध्ये पुढच्या बाकावर बसून.

लढाई संपून दादा भातकुलीला परतला तेव्हा आश्विन लागला होता. कपाशीची पहिली बोंडं फुटत होती, ज्वारी कणसावर आली होती, आणि आमच्या मळ्यात झेंडू असा फुलला होता की दुपारी त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहावं लागे. दादा खेचरांच्या पलटणीत होता. डोंगरावर दारूगोळा पोचवायचं काम. संध्याकाळी ओसरीवर बसून तो सांगे, की चिखलात खेचर पोटापर्यंत रुतायचं, आणि धडाका झाला की जो आधी जमिनीवर पडला तो वाचला. काय झालं म्हणून पाहायला जो उभा राहिला, त्याच्या घरी तार गेली.

हे सगळं तो इतक्या सपाट आवाजात सांगायचा की मला त्याचा रागच यायचा. माझ्या सिनेमातला नायक एकटा डाकूंची टोळी लोळवायचा (तेही भांग न विस्कटता!), धावत्या घोड्यावर गच्चीवरून उडी घ्यायचा. मी एकदा विचारलंच, की तू कुठे उडी मारली नाहीस का?

"मारली ना," दादा म्हणाला. "खड्ड्यात."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही बैलबंडीत झेंडू रचला. पावसाळाभर जपलेलं पीक होतं आणि दसरा उलटला की त्याला गुरंसुद्धा विचारत नाहीत. त्यामुळे विकायला वैनी निघाली. मी भाव करायला लागलो की गिऱ्हाईक जिंकायचं, आणि दादा लढाईवरून आल्यापासून भाव सांगतच नव्हता, नुसता फुलं देऊन टाकायचा.

अमरावतीत राजापेठेच्या अलीकडे एका हौदावर बैलांना पाणी पाजायला आम्ही थांबलो. दादा आणि मी खाली उतरलो, वैनी वर फुलांतच बसून होती. तेवढ्यात शेजारून जाणाऱ्या लॉरीचं टायर फुटलं.

दादा जमिनीवर पालथा पडला. त्यानं माझी मान धरली होती, त्यामुळे मीही पडलो. धुळीतून तोंड वर काढलं तेव्हा हौद जागेवर होता, लॉरी होती, पण बंडी नव्हती. बैल उधळले होते, आणि वैनी त्यांच्याबरोबर गेली होती!

बघे हसत होते. दादा अजून माझी मान खाली दाबत होता. ओसरीवर तो सपाट आवाजात का बोलतो ते मला तेव्हा कळलं. मी मान सोडवून उठलो. दादानं देशासाठी पुष्कळ केलं होतं, आता घरासाठी मी करणार होतो.

पानाच्या दुकानापाशी एक वकीलसाहेब सायकल टेकवून पान लावून घेत होते. मी त्यांची सायकल घेतली आणि निघालो. ते धोतराचा सोगा धरून काहीतरी ओरडत मागे धावले. ते सायकलचा ब्रेक लागत नाही हेच सांगत होते, पण ते मला उतारावर आपोआप कळलं.

परिणामी मी बंडीला मागे टाकून पुढे गेलो. जाताना वैनी दिसली. पाय रोवून, कासरा दोन्ही हातांनी ओढून धरलेली. तिनंही माझ्याकडे पाहिलं, बाजारात ओळखीचं कुणी दिसावं तसं. पुढे वाळूच्या ढिगानं माझी सायकल थांबवली. शेजारीच एक बुटकी भिंत होती. मी तिच्यावर चढलो. असली भिंत सिनेमात नायकासाठीच बांधलेली असते.

बंडी आली, पण फारच संथ येत होती. एव्हाना वैनीनं बैल शांत केले होते. मला वाटलं, हा बैलांचा डाव असणार! मी आरोळी ठोकली आणि उडी घेतली.

आरोळीनं बैल पुन्हा उधळले. मी डोक्याकडून झेंडूत रुतलो, पाय तेवढे आभाळात. आतून मला वैनीचा आवाज ऐकू आला.

"भाऊजी, काहून आले तुमी? आत्ताच तं उभे करून राहिली होती मी."

तशीच आमची स्वारी भर राजापेठेत शिरली. शेवटी वैनीनं एका बाजूचा कासरा ओढून बैल हिरव्या चाऱ्यानं भरलेल्या एका गाडीवर नेले. बैलांनी चाऱ्यात तोंड घातलं आणि उधळण्याचा विषय संपला.

राजापेठेनं मात्र पहिला भाग पाहिलाच नव्हता. त्यांनी पाहिलं ते इतकंच, की एका तरुणानं उधळलेल्या बंडीत उडी घेतली आणि बंडी थांबली! लोकांनी मला पायांनी ओढून बाहेर काढलं आणि खांद्यावर घेतलं. वकीलसाहेब धापा टाकत पोचले, ते सायकल मागायला. पण गर्दी पाहताच त्यांना भाषण सुचलं, आणि वऱ्हाडच्या तरुणांवर ते बराच वेळ बोलले. कुणीतरी आमच्याच बंडीतली फुलं घेऊन हार गुंफला आणि माझ्या गळ्यात घातला. (फुलांचे पैसे वैनीनं सोडले नाहीत.) मग ज्याला त्याला त्याच बंडीतला झेंडू हवा झाला. पाहता पाहता बंडी रिकामी झाली.

दादा धुळीनं भरलेला असा पळत आला. लोक त्याला सांगू लागले की तुमचा भाऊ वाघ आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यानं वैनीचे हात उलटे केले. कासऱ्यानं तळवे सोलले होते. मग दादा दोन पावलं मागे सरला, टाचा जुळवल्या, आणि भर बाजारात तिला कडक सलाम ठोकला. वैनीनं पदर तोंडावर ओढला आणि हसली. दादाही हसला. लढाईवरून आल्यापासून पहिल्यांदाच.

(तो सलाम आपल्याला आहे असं समजून मीही खांद्यावरून उलट सलाम केला, ते कुणी पाहिलं नाही असं मी आजवर धरून चाललो आहे.)

परत जाताना रिकाम्या बंडीत मी हार घालूनच बसलो होतो. छाती अजून खाली बसत नव्हती. मी दादाला विचारलं, की तुझ्या पलटणीत माझ्यासारखा कुणी होता का?

दादानं बराच विचार केला.

"होता एक," तो म्हणाला. "आमी रोज देवाले म्हनो, याले जपान्याइकडे पाठव."