पाचवी पायरी

"पाचवीला पाय उचला, साहेब!"

गंगापूर रोडवरच्या त्या घरी तुम्ही नव्वदीच्या दशकात गेला असाल, तर हे वाक्य तुमच्याही कानी पडले असेल. एका नामवंत वास्तुविशारदाचे ते राहते घर. त्यांच्या पश्चात त्याचे संग्रहालय झाले. मी तिथल्या कार्यालयात कारकून होतो. जिन्याच्या पायथ्याशी पांढरी टोपी सावरीत राखणदार उभे असत. सगळे त्यांना मामा म्हणत.

मामा मूळचे गवंडी. हे घर बांधताना ते इथेच होते. पाचवी पायरी इतरांहून इंचभर उंच होती आणि नवखा माणूस तिथे हमखास अडखळे.

"माझी चूक हाय ती," मामा अभिमानाने सांगत. "वणीहून निरोप आला, मुलगी झाली. त्या नादात फरशीची जाडी धरायचीच राहिली. साहेबांनी तासभर झापलं. फोडायला गेलो, तर म्हनले, राहू दे. लेकीची पायरी म्हणू हिला."

संग्रहालयाच्या समितीला मात्र चूक परवडणारी नव्हती. थोरांच्या घरात चुका नसतात. फार तर तत्त्वज्ञान असते. अध्यक्षांनी चष्मा पुसत पाटीसाठी मजकूर सांगितला आणि माझे अक्षर बरे म्हणून तो मी उतरवून घेतला: 'विनयाची पायरी. माणसाने अहंकार सोडून पाऊल टाकावे, यासाठी ही पायरी हेतुपुरस्सर उंच ठेवलेली आहे'

"पण मामा म्हणतात की..." मी चाचरलो.

"मामा गवंडी आहेत हो! त्यांना संकल्पना काय कळणार?"

मी पूर्णविराम दिला.

पाटी लागली. विद्यार्थी येऊन पायरी मोजू लागले. एकाने तिच्यावर प्रबंध योजला. मामांना 'अनधिकृत माहिती देऊ नये' अशी लेखी समज मिळाली. ती त्यांना वाचून दाखवली, तीही मीच.

एकदा त्यांची लेक इगतपुरीहून नवऱ्याला घेऊन आली. तिने पाटी दोनदा वाचली आणि वडिलांकडे वळली.

"नाना, यात माझी पायरी कुठंय?"

जावई हसले. मामांनी माझ्याकडे पाहिले.

"भाऊसाहेब, तुमचंच अक्षर ना हे? एक ओळ खाली टाका की. लय मोठी नको."

"बघतो," मी म्हणालो. समितीला अर्ज लिहिलाही. तो माझ्याच खणात राहिला.

मामा थकून गावी गेले आणि तिथेच वारले. पुढे एका समारंभात प्रमुख पाहुणे पाचवीवर सपशेल आडवे झाले. विनयाचा इतका प्रत्यक्ष प्रत्यय समितीला सोसला नाही. महिन्याभरात पायरी इतरांच्या बरोबरीला आणली गेली. पाटी तेवढी राहू दिली. अक्षर सुरेख आहे म्हणे.

निवृत्तीनंतर एकदा तिथे गेलो. लोक पाटी वाचतात, मान डोलावतात, आदराने पाऊल इंचभर जास्त उचलतात आणि नेमके त्यामुळेच अडखळतात.

मीही अडखळलो. खालून सांगायला कोणी नव्हते.