दुखत नाही, असं आई म्हणाली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ताईला तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून सांगतो आहे — की ओळखीचे नाही म्हणून सोपं जातंय, एवढंच? असो. सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

मी बऱ्हाणपुरात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो. इथे सायन्सच्या सरांना जरा जास्तच मान असतो. कुणाच्या रिपोर्टमधलं इंग्रजी वाचून दाखवा, कुणाच्या मुलीने पुढे काय घ्यावं ते सांगा — लोक विचारतात, आपण सांगतो. कधीकधी माहीत नसतानाही सांगतो.

तीनेक वर्षांपूर्वी भांगेच्या झाडापासून औषधं बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर मी घेतले. कंपनी उत्तरेकडची, अजून शेअर बाजारात यायची होती. त्यांचे लोक मोबाइलवर मीटिंग घ्यायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायचो — भांगेतली कॅनाबिनॉइड रसायनं म्हणजे काय, ती शरीरात कुठे जाऊन बसतात, वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेत काय होतं. खोटं नव्हतं हो त्यात. लहान मुलांच्या काही अवघड फिट्सवर अशा औषधाचा खरोखर उपयोग होतो. बाकीच्यासाठी, म्हणजे कॅन्सरचं दुखणं, झोप, सांधे, यासाठी ते म्हणायचे, संशोधन चालू आहे. हे 'चालू आहे' मी पुढे सांगताना गाळून टाकायचो. वर्गात एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याचे मार्क कापले असते.

स्टाफरूममध्ये आधी चेष्टा झाली. सर भांगेच्या धंद्यात पडले, होळीला ठंडाई फुकट. मग एकेक जण बाजूला घेऊन विचारू लागला. पांडे सरांनी शेअर घेतले, शाहपूरच्या मावसभावाने केळीच्या पैशातून घेतले, आणि चौकातल्या मेडिकलवाल्या मनोजने तर आपल्या भावालाही घ्यायला लावले. मला बरं वाटायचं. मोठा माणूस झाल्यासारखं वाटायचं.

त्याच वर्षी आईचा कॅन्सर मणक्यात उतरला.

मी कंपनीचं तेल मागवलं. आयुर्वेदिक औषध म्हणून ते मिळतं. डॉक्टर म्हणाले, देऊन बघा, पण माझ्या गोळ्या बंद करू नका. पहिले चार दिवस आईला झोप लागली. चारच. पाचव्या दिवशी कुशीवर वळवताना तिने पलंगाची पट्टी अशी धरली की बोटं सोडवावी लागली.

कंपनीच्या ग्रुपवर घरोघरचे अनुभव मागवत होते. सहाव्या दिवशी मी आईला उशांना टेकवून बसवलं, तिचं चांगलं पातळ नेसवायला बायकोला सांगितलं आणि मोबाइल धरला. सहाव्या दिवशी — चौथ्या नाही, हे लक्षात घ्या. काय बोलायचं ते मीच शिकवलं. हे कोणाले दाखवणार, तिने विचारलं. म्हटलं, फक्त कंपनीला. आई मला भाऊच म्हणायची. मोबाइलकडे बघून ती हसली आणि म्हणाली, "भाऊच्या औषधाने आता दुखत नही बा. झोप येते चांगली."

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गल्लीत, मनोजच्या दुकानात आणि ताईच्या सासरी पोचला होता. मीच पाठवला. आणखी कोण पाठवणार?

मला वाटलं, अर्ध्या मिनिटाचं बोलणं, संपलं. पण आईचा स्वभाव मला माहीत नव्हता का? एकदा भजनात तिच्या तोंडून चुकून साठ माणसांचं जेवण कबूल झालं, तर साठ माणसं आमच्याकडे जेवून गेली होती. चारचौघांत बोललेलं ती फिरवत नसे. आता त्याच भजनातल्या बायका भेटायला यायच्या, माई, दुखणं गेलं ना म्हणायच्या, आणि आई हो म्हणायची. त्या गेल्या की भर दुपारी, दात आवळून, नाकातून तो आवाज सुरू व्हायचा. दाराची कडी वाजली की थांबायचा. दुखणं असं थांबतं का? आवाज तेवढा थांबतो.

एकदा मी म्हटलं, आई, सांगून टाक सगळ्यांना दुखतंय म्हणून. म्हटलं खरं — पण कसं? दारातून, चपला घालता घालता. ती म्हणाली, "मी बोलली ना त्याच्यात. आता पलटली तर लोक तुले काय म्हणतीन?" मी शाळेत निघून गेलो. सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

आता ते, ज्याच्याभोवती एवढा वेळ फिरतो आहे.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी आईलाच विचारलं. ते हिंदीत बोलायचे. "माताजी, सच बताइए, दर्द कितना है? ज़्यादा हो तो बड़ी गोली लिख देता हूँ."

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायच्या आधी — माझ्याकडे. विचारत होती ती मला, सांगू का म्हणून. मी नुसती पापणी हलवली असती तरी तिने सांगितलं असतं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मागाहून कळलं, असं मी म्हणणार नाही. त्या मोठ्या गोळ्या, म्हणजे मॉर्फिन, सगळीकडे मिळत नाहीत, आमच्या भागात त्या मनोजच्याच दुकानात मिळायच्या. चिठ्ठी त्याच्या काउंटरवर ठेवली की त्याला सगळं समजलं असतं, आणि त्याच्याकडून पांडे सरांना, शाहपूरला. खंडव्याहून आणता आल्या असत्या, तेही मनात आलं. एवढं सगळं मनात आलं आणि मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत बसलो.

"नही जी," आई म्हणाली. "ठीक है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, होकाराची.

आई त्यानंतर दीड महिना होती. कंपनी शेअर बाजारात आलीच नाही. ग्रुपवर आता नुसते सुप्रभातचे फोटो येतात. मनोज मला शिव्या देत नाही. तो म्हणतो, सर, पैसे गेले तर गेले, माईंना तर आराम मिळाला. मी हो म्हणतो. तेराव्याला ताई सगळ्यांना सांगत होती, आईचा शेवट सुखाचा झाला, भाऊने तिला काही दुखू दिलं नाही. मी तिथेच पंगतीत वाढत होतो.

डॉक्टरांचा दवाखाना आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे. त्या दीड महिन्यात मी रोज त्याच्यासमोरून शाळेत जात होतो.